ओढ्यातले मासे कशावर ठरतात, पाण्याच्या तापमानावर की तळावर?

नीराखोरे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भोरच्या पश्चिमेला नीरेला मिळणाऱ्या एका ओढ्याबद्दल विचारतोय. उगम साधारण ९५० मीटरवर, संगम ६२० मीटरच्या आसपास, लांबी बाराएक किलोमीटर. वरच्या भागात दाट झाडी, मोठाले धोंडे, रांजणखळगे. मधे भातखाचरं आणि उघडे काठ. खाली कोल्हापूर पद्धतीचा, काढता-घालता येणाऱ्या फळ्यांनी (बर्ग्यांनी) पाणी अडवणारा बंधारा आणि त्यामागे तुंबलेलं पाणी.

मासेही तसेच बदलत जातात. वर मळ्या, मुरी आणि डोक. मधे झोऱ्या आणि खवली. बंधाऱ्यात शिंगटा, वाम आणि भरपूर चिलापी. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोकजैवविविधता नोंदवहीत या ओढ्याची नीट नोंद करायची आहे. सहा तापमान लॉगरचे (ठराविक वेळाने आपोआप तापमान नोंदवणाऱ्या यंत्रांचे) पैसे मिळाले आहेत. विचारायचं ते असं:

हा बदल तापमानामुळे होतो की अधिवासामुळे, हे वेगळं काढता येईल का? लॉगर कुठे लावावेत? आणि मासे न मारता कसे मोजावेत?

---

कातळधार

माझं मत आधी सांगतो. तुमच्या ओढ्यात कोणता मासा कुठे राहतो हे प्रवाह आणि तळ ठरवतात. त्यातला कोण जूनपर्यंत तगतो हे मार्च ते मेमधलं तापमान ठरवतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची मोजणी वेगवेगळ्या ऋतूंत करावी लागते.

उंचीचा हिशेब करून बघा. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. तुमचा उतार ३३० मीटरचा, म्हणजे वर आणि खाली फरक जेमतेम २ अंश. आता उघड्या पात्राचं गणित घ्या. दर चौरस मीटरला ८०० वॅट ऊन १० सेंटिमीटर खोल पाण्याने पूर्ण शोषलं आणि उष्णता कुठेच गेली नाही, तर ते पाणी तासाभरात जवळजवळ ७ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बाष्पीभवन, थंड तळ आणि वरून येणारं पाणी यामुळे वाढ बरीच कमी होते. तरीही एप्रिलच्या दुपारी भातखाचरांमधला उथळ पट्टा उंचीच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त तापतो. तुमच्याकडे तापमानाचा खरा उतार सावलीतून उन्हात जाताना आहे, डोंगरावरून खाली येताना नाही.

युरोपातल्या पुस्तकांतले पट्टे इथे जसेच्या तसे लावू नका. ह्युए या बेल्जियन मत्स्यतज्ज्ञाने १९४९ मध्ये नद्यांचे ट्राउट, ग्रेलिंग, बार्बेल आणि ब्रीम या माशांच्या नावांनी पट्टे पाडले, तेही मुख्यतः पात्राचा उतार आणि रुंदी पाहून. तिथला ब्राउन ट्राउट पंचविशीच्या आसपास मरणाला टेकतो, म्हणून तापमानाची सीमा नकाशावर आखता येते. आपल्या ओढ्यातले झाडून सगळे मासे उष्ण प्रदेशातले आहेत. २५ अंशांचं त्यांना काही वाटत नाही.

मग मळ्या वरच का? कारण त्याच्या हनुवटीखालच्या चकतीला चिकटायला स्वच्छ, घट्ट दगड लागतो आणि खरवडून खायला त्या दगडावरचा शेवाळाचा पातळ थर. दगडावर गाळाची साय बसली की पकडही गेली आणि खाणंही गेलं. मुरी धोंड्यांच्या फटींत राहते. फटी वाळूने बुजल्या तर पाणी कितीही थंड असलं तरी ती दिसणार नाही. ग्लिप्टोथोरॅक्ससारखा छातीने चिकटणारा मासा सापडला तर तो फक्त खळखळत्या धारेत सापडेल. झोऱ्या वाहत्या पाण्याच्या मधल्या थरात पोहतो, त्याला धार आणि डोह यांची जोडी लागते. चिलापीचा नर मऊ तळात खड्डा करून घरटं करतो, त्याला थांबलेलं पाणी हवं. तुमच्या बंधाऱ्याने ते आयतं दिलं.

डोक मात्र या मांडणीत बसत नाही. तो हवेतून श्वास घेतो, त्यामुळे आटत आलेल्या खळग्यातही तगतो. वरच्या भागात तो आहे एवढ्यावरून पाणी चांगलं असल्याचा निष्कर्ष काढू नका.

---

थर्मिस्टर

लॉगरबद्दल.

एक वरच्या सावलीत, वाहत्या धारेत. दुसरा भातखाचरं सुरू होतात तिथे, तिसरा ती संपतात तिथे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे उघड्या काठांचा परिणाम, तो थेट हातात येतो. चौथा आणि पाचवा उन्हाळ्यात न आटणाऱ्या एकाच नैसर्गिक डोहात: एक पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर, दुसरा तळापासून २० सेंटिमीटर वर. वरचा तरंगत्या बुचाला बांधा, म्हणजे पाणी उतरलं तरी खोली तीच राहील. सहावा पाण्यात टाकू नका. तो मधल्या टप्प्याजवळ सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर हवेत टांगा. हवेची नोंद नसेल तर पाण्यातला लॉगर कधी उघडा पडला ते कळत नाही. उघडा पडला की त्याची रोजची चढउतार एकदम हवेइतकी होते. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या की ते दिवस लगेच वगळता येतात.

बंधाऱ्यासाठी या सहांशिवाय डीएस१८बी२० हा स्वस्त सेन्सर आणि त्याची नोंद ठेवायला आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड पुरेल. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. होबो टिडबिट हा तयार लॉगर ०.२ अंशापर्यंत अचूक असतो, म्हणून जिथे एक-दोन अंशांचा फरक शोधायचाय तिथे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या जागी, चांगले लॉगर वापरा.

लावण्याआधी तपासणी हवीच. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा थर्मासमध्ये भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, सगळे लॉगर त्यात ठेवून अधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात सगळ्यांनी शून्याच्या आसपास यायला हवं. मग तेच लॉगर तासभर एका बादलीत ठेवा आणि आपसातला फरक लिहून ठेवा. वर्षअखेरीला पुन्हा हेच. नोंद दर ३० मिनिटांनी पुरे, वर्षाला १७,५२० नोंदी होतात.

उन्हापासून आडोसा म्हणून पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा ५० मिलिमीटर व्यासाचा, वीतभर तुकडा घ्या आणि त्याला सगळीकडून १० मिलिमीटरची भोकं पाडा. काळा पाइप नको. स्वच्छ उथळ पाण्यात ऊन थेट लॉगरवर पडतं आणि तो पाण्याऐवजी स्वतःचंच तापमान सांगतो. नळी धोंड्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या आडोशाला ठेवा. ३ मिलिमीटरच्या स्टेनलेस दोराने करंज किंवा उंबराच्या मुळाला बांधा, नाहीतर कातळात भोक पाडून १० मिलिमीटरचा अँकर बोल्ट ठोका. नायलॉनची दोरी जुलैच्या पहिल्या पुरात दगडांवर घासून तुटते. वरून दोन-चार गोटे रचा, म्हणजे पांढरी नळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरणार नाही.

हिशेबाला दिवसाची सरासरी घेऊन बसू नका. तिच्यात दुपारचा तडाखा लपतो. रोजचं कमाल तापमान, त्याची सात दिवसांची सरासरी आणि ३० अंशांवर गेलेले सलग तास, हे तीन आकडे काढा.

---

मत्स्यनोंद

माशांची मोजणी.

आधी परवानगी. ओढ्याचा काही भाग वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची लेखी परवानगी, आणि मत्स्यव्यवसाय खात्याला पत्र. सुरुंग आणि विष दोन्ही १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर आणि गेळफळाचा चुराही विषच. गावात कोणी 'फक्त थोडंसं टाकून बघू' म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. बॅटरीने शॉक देणंही नको. प्रशिक्षण आणि योग्य यंत्राशिवाय त्यात माशांचे मणके मोडतात आणि माणसं मरतात.

प्रत्येक टप्प्यात १०० मीटर लांबी आखा. त्यात तीन खळखळाटाच्या जागा, तीन संथ धारेच्या आणि तीन डोह निवडा. एवढे मिळाले नाहीत तर जितके आहेत तितके, पण मेहनत प्रत्येक जागी सारखी.

खळखळाटात: मीटरभर रुंद, बारीक विणीची जाळी दोन काठ्यांना बांधून प्रवाहाला आडवी धरा, खालची कड दगडांनी दाबा. दुसऱ्याने जाळीच्या वरच्या बाजूचे एक चौरस मीटरमधले दगड दोन मिनिटं हाताने उलटायचे. मुरी आणि मळ्याची पिल्लं अशीच मिळतात, पागाने (फेकजाळ्याने) मिळत नाहीत. फक्त पाग वापरून 'या ओढ्यात मुरी नाही' असं लिहिलेले अहवाल पाहिले की वाईट वाटतं. जाळी झाली की दगड पुन्हा पालथे, जसे होते तसेच ठेवा.

धारेत आणि डोहात: एकाच विणीचा पाग, प्रत्येक जागी दहा फेक. खोल डोहात त्याऐवजी पाण्याखालचा कॅमेरा: गोप्रोसारखा कोणताही चालेल, विटेला बांधून तळावर २५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं सोडून द्या, मासे बुजलेले असतात. मग प्रत्येक जातीचे एका चौकटीत एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त मासे मोजा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोजत बसलात तर एकच झोऱ्या वीसदा मोजला जातो.

वेळ नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. पाणी नितळ, मासे पसरलेले. एप्रिल-मेमध्ये जाळं अजिबात नको, फक्त कॅमेरा. त्या महिन्यांत सगळा ओढा चार डोहांत गोळा झालेला असतो आणि पागाच्या दोन फेकींत पुढच्या वर्षीची बीजमंडळी बाहेर येऊ शकते.

बादलीत एका वेळी पंधरा-वीसपेक्षा जास्त मासे नकोत. बॅटरीवरचा हवेचा पंप, सावली आणि दर दहा मिनिटांनी पाणी बदल. हात ओले करूनच मासा धरा. मोजपट्टीवर ठेवून कुशीवर एक फोटो, लांबी, आणि स्थानिक नाव त्याच ओळीत लिहा. पुढच्या खोऱ्यात नाव बदलतं, त्यामुळे फोटोशिवाय नाव उपयोगाचं नाही. साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा मुल्या, मूरे, कोळस, खुद्री ही इथलीच नावं शास्त्रीय नावांत घेतली. तेव्हा स्थानिक नावाची नोंद किरकोळ समजू नका.

मासा मिळाला त्याच जागी लगेच चार मोजमापं: खोली, वेग, तळ, सावली. वेगासाठी १० मीटर अंतर आखून संत्र्याची साल सोडा, तीनदा वेळ घ्या. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग येतो. तळ फार खडबडीत असेल तर ०.८. तळासाठी पायाखाली हाताला लागेल तो पहिला दगड उचलायचा, मधला व्यास (सगळ्यात लांबही नाही, सगळ्यात आखूडही नाही तो) मोजायचा, असे १०० दगड. २ मिलिमीटरच्या आत वाळू, ६४ पर्यंत खडी, २५६ पर्यंत गोटे, वर धोंडे. आणि प्रत्येक गोटा किती गाळात रुतलाय तेही लिहा: पाव, अर्धा, पाऊण. मळ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा हाच रकाना उत्तर देतो.

---

नीराखोरे

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. एक शंका. बंधाऱ्याच्या पाण्यात दुपारी तीन वाजता हातातल्या मीटरने बघितलं तर तापमान ३१ अंश आणि विरघळलेला ऑक्सिजन १०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो ना? मीटर बिघडलाय का? आणि ऑक्सिजन एवढा असेल तर तिथे मळ्या का नाही?

---

कातळधार

मीटर बहुधा ठीक आहे. ६२० मीटर उंचीवर, ३१ अंशांना पाणी हवेशी समतोलात असेल तर साधारण ७ मिलिग्रॅमच्या जरा खाली राहतं. तुमच्याकडे १०.५, म्हणजे दीडपट. तो जास्तीचा ऑक्सिजन हिरव्या शेवाळाने दिवसभर उन्हात बनवलाय. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं, तळातला कुजका पाला खातो, मासे खातात. दुपारी जिथे जितका जास्त ऑक्सिजन, पहाटे तिथे तितका कमी असण्याची शक्यता. मोजायची वेळ सूर्योदयाच्या आधीचा अर्धा तास. दुपारचा आकडा एकट्याने नोंदवहीत लिहू नका, तो दिशाभूल करतो.

आता तापमानाचं खरं काम बघा. याच उंचीवर २० अंशांना पाण्यात साधारण ८.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.०. म्हणजे पुरवठा सतरा टक्क्यांच्या आसपास घटला. पण दहा अंश वाढले की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची मागणी साधारण दुप्पट होते, आणि कुजण्याचा वेगही तसाच वाढतो. माशाची कोंडी होते ती मुख्यतः मागणी वाढल्यामुळे. वाहत्या, खळखळत्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन सतत मिसळत राहतो म्हणून तिथे ३० अंशही चालून जातात. थांबलेल्या डोहात तेच ३० अंश पहाटे जिवावर येतात. तापमान आणि अधिवास वेगळे काढायचे तर हे ध्यानात ठेवा: एकाच तापमानाचा अर्थ खळखळाटात वेगळा आणि डोहात वेगळा.

मीटरवर शंका असेल तर विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजून, पडताळा. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (घट्ट बुचाची काचेची बाटली) पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहू देता भरा. मँगनीज सल्फेट १ मिलिलिटर, अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलिलिटर, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट हलवा. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. साका बसला की १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा. यातली रसायनं हात भाजतात, हातमोजे आणि चष्मा हवाच. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातलं कोणी सोबत असेल तर उत्तम. बाटली अंधारात ठेवून त्याच दिवशी २०० मिलिलिटर नमुना ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घाला, शेवटी स्टार्च. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर.

मळ्याचं उत्तर पहाटेच्या आकड्यात मिळेल आणि तळातही. बंधाऱ्यामागे गोट्यांवर बोटभर गाळ असेल तर ऑक्सिजन कितीही असो, मळ्याला तिथे काम नाही.

---

घाटमाथा

तापमानाला दुय्यम ठरवताय त्याला माझा थोडा विरोध. इथे ते दुय्यम दिसतं कारण ओढा छोटा आहे. धरणांखाली गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात खोल जलाशयाचं पाणी थरांत विभागतं, वर गरम आणि खाली थंड, ऑक्सिजन कमी असलेलं. तळाच्या दारातून सोडलं की खालच्या नदीला ऐन मे महिन्यात थंड पाणी मिळतं आणि माशांच्या वाढीचा, विणीचा काळ हलू शकतो. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून मुळशीचं पाणी येतं, वाशिष्ठीला कोयनेचं. तिथे तापमानाबरोबर पाण्याची पातळीही विजेच्या मागणीनुसार दिवसात वरखाली होते आणि काठच्या उथळ खडीत राहणारी पिल्लं कोरडी पडायचा धोका असतो. अशा नद्यांवर लॉगर तापमान आणि दाब दोन्ही नोंदवणारा हवा.

आणखी एक. पूर्ववाहिनी आणि पश्चिमवाहिनी ओढे एकाच तक्त्यात घालू नका. घाटाच्या दोन बाजूंना माशांच्या बऱ्याच जातीच वेगळ्या, तापमानाचा तिथे काही संबंध नाही. तसंच पावसाळ्यातही चढता न येणारा धबधबा वाटेत असेल तर त्याच्या वरची यादी आपोआप छोटी असते. धबधबे आधी नकाशावर टाका, मग विश्लेषण.

---

थर्मिस्टर

मान्य. आणि म्हणूनच एका ओढ्यावर कारण सिद्ध होत नाही. नीराखोरे, तुमच्या ओढ्यात वरचा भाग थंडही आहे, सावलीतही आहे, धोंड्यांचाही आहे. तिन्ही गोष्टी एकत्र बदलतात, मग गणित कितीही भारी वापरा, ती सुटी होणार नाहीत. शेजारच्या खोऱ्यात असे दोन टप्पे शोधा: एक उघड्या उन्हातला पण स्वच्छ गोट्यांचा, दुसरा दाट सावलीतला पण गाळाने भरलेला. पहिल्यात मळ्या आणि मुरी मिळाले आणि दुसऱ्यात नाही मिळाले, तर तळाचं पारडं जड. उलट झालं तर तापमानाचं. एवढी तुलना झाली तरी तुमची नोंदवही बऱ्याच प्रबंधांच्या पुढे असेल.

एखादी जात एका फेरीत मिळाली नाही म्हणून ती 'नाही' असं लिहू नका. एकाच हंगामात तीन फेऱ्या, तिन्ही वेळा रिकामं, तरच 'नाही'.

---

नीराखोरे

शेजारचा ओढा बघतो, गाळाचा टप्पा तर डोळ्यासमोर आहेच. शेवटचं: समितीला लगेच काही करायचं असेल तर काय? झाडं लावायला लोक तयार आहेत.

---

मत्स्यनोंद

झाडं लावा, पण जागा विचारपूर्वक. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तो. म्हणजे फक्त दक्षिण काठावर झाडं लावून ऐन उन्हाळ्याच्या दुपारी पाण्यावर सावली पडत नाही. दोन्ही काठांवरून फांद्या पाण्यावर झुकायला हव्यात. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज काठाला. पात्रातल्या खडकांत शेरणी स्वतःहून येते, ती उपटू नका. सुरुवात लॉगर दोन आणि तीनमधल्या सगळ्यात उथळ पट्ट्यापासून. सावली यायला वर्षं लागतील, तोवर निदान आहे ती झुडपं 'साफसफाई'त जाऊ देऊ नका.

खोलीकरणाचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत बोला. जेसीबीने गोटे-धोंडे काढून पात्र सपाट केलं की खळखळाट, फटी आणि डोह एकाच दिवसात जातात, आणि उरतं ते रुंद, उथळ, उन्हात तापणारं पाणी. माशांच्या दृष्टीने तापमान आणि अधिवास दोन्ही एकदम बिघडवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

बंधाऱ्याचे बर्गे ऑक्टोबरमध्ये घालताना एका गाळ्यात तळाचा बर्गा थोडा उचलून ठेवता येतो का, ते पाणीवापर संस्थेशी बोला. बोटभर फटीतून धार वाहिली तरी खालचे डोह एकमेकांपासून तुटायला उशीर होतो. पावसाळ्याआधी सगळे बर्गे वेळेवर निघायला हवेत. पहिल्या पुराबरोबर वर चढणारे मासे बंद बंधाऱ्याखाली अडकतात आणि तिथेच जाळ्यात जातात.

आणि तुमचे उन्हाळ्यात न आटणारे डोह. ते मार्च ते जून मासेमारीला बंद, असा ग्रामसभेचा ठराव करून घ्या. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून लोकांनी महसीर राखलाय, तसं गावानेच ठरवलं तर पाळलंही जातं. ठरावात डोहांची नावं, दोन्ही टोकांच्या खुणा आणि पंपाने पाणी उपसायची बंदी हे तिन्ही लिहा. उपशाचा उल्लेख राहिला तर जाळं कोणी टाकत नाही, पण मेमध्ये डोह मोटरीने रिकामा होतो.